मघाचा चेहरा

नवीन पनवेलच्या एका फोटो स्टुडिओत निशा दिवसभर मेलेल्या माणसांचे चेहरे दुरुस्त करायची. लग्नाच्या फोटोतून माणूस कापायचा, खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात पुसायचा, मागे निळं आभाळ टाकायचं आणि उत्तरकार्याच्या आत फ्रेम तयार ठेवायची. वर्षानुवर्षं हेच करून ती विटली होती. घरी गेल्यावर कुणाच्याही तोंडाकडे बघू नये, असं तिला वाटे.

एका बाबतीत मात्र ती पक्की होती. जरा काम पुढे सरकलं की फाइल सेव्ह. भारनियमनाच्या त्या दिवसांत विजेवर विसंबेल तो मूर्ख, असं ती सगळ्यांना सुनवायची.

नेरे गावची भामा आली ती गेलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो घेऊन. पुतण्याच्या हळदीतला, चेहरा वाटाण्याएवढा, त्यातलाही अर्धा दुसऱ्याच्या टोपीआड. निशाने भामाच्या दिराच्या फोटोतली हनुवटी उसनी घेतली आणि भामाला शेजारी बसवून, ती सांगेल तसा चेहरा घडवायला घेतला. डोळे अजून बारीक. गालावर खळगा. मिशी एवढी नाय, बाय.

फाइल जड, मशीन जुनं. सेव्ह करताना पडदा पांढरा पडून अडकायचा आणि चेहरा गेला की काय म्हणून भामा दचकायची. एकदा तर रडायलाच लागली. निशाला तिची दया आली आणि तिने सेव्ह करणं सोडून दिलं. एरवी दगडासारखी बाई, नेमकी त्याच दिवशी मऊ झाली.

दुपारी कधीतरी भामाने पदर सावरला आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "हां. आता हायत ते."

निशाने सेव्ह करायला बोट नेलं आणि वीज गेली. यूपीएस नुसता चिरकला.

वीज आल्यावर फाइल उघडली, तर अर्धा कोरा चेहरा आणि खाली दिराची हनुवटी. निशाने मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या आणि दमलेल्या हाताने पुन्हा सुरुवात केली. डोळे असे का? गाल असा? भामा आधी हो म्हणायची, मग नाही म्हणायची. शेवटी तिने निशाचा हात धरला.

"नको इचारू, बाय. मना आता ते आठवतच नाय. डोले मिटले का तुझा मघाचा फोटूच दिसतो."