रविवारची वात

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पुढे जे घडलं ते वाचून कुणाला मी भाग्यवान वाटेन, म्हणून. ज्या रविवारी मी देवळात उभं राहायचं होतं, त्या रविवारी मी घरी एसी लावून मॅच बघत होतो. आणि दुसऱ्या दिवशी माझं कौतुक झालं तेव्हा गप्प राहिलो. घरात कुणी आजारी असतं, तर हे लिहायला सोपं गेलं असतं. तसं काहीच नव्हतं. मला कंटाळा आला होता.

आमच्या जुन्या मोहल्ल्यात रामाचं एक लहान देऊळ आहे. दुपारी बारा ते चार ते बंद असतं. समोरच्या घरात काकू राहतात. त्यांनी मला शाळेत गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी संकल्प केला की बारा वर्षं रोज दुपारी तीन वाजता कुणीतरी एकाने वीणा गळ्यात घालून, उभ्याने, रामनाम म्हणायचं. एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही. "सकाळ-संध्याकाळ देवाजवळ गर्दीच असते," त्या म्हणाल्या होत्या. "दुपारी त्याला सोबत कोण करतं?" सात वारांना सात माणसं ठरली. घड्याळ बघायचं नाही असा नियम होता. दर शनिवारी काकू सात वाती वळून देत. एक वात आणि मोजकं तेल तासभर पुरे. वात विझली की पाळी संपली. आठवी वात त्या कधी वळत नसत. रविवार आधी माझ्या वडिलांचा होता. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला.

पहिली दोन वर्षं मी मनापासून उभा राहिलो. नवं काम असलं की माणसाला स्वतःचंच कौतुक वाटतं. त्यानंतरची वर्षं कठीण गेली. सुरुवातीचा उत्साह संपलेला आणि शेवट अजून नजरेत नाही, अशा मधल्या काळात कुणी पाठ थोपटायला येत नाही. तोंडाने नाम चालू असे आणि डोक्यात सांवेर रोडवरची आमची फॅक्टरी, तिथलं बिघडलेलं मशीन, सोमवारची मीटिंग. वातीकडे बघत मी ती लवकर विझण्याची वाट बघायचो. हे मी कुणाला सांगितलं नाही. बाहेरून तर सगळं नीटच दिसत होतं.

संकल्प पुरा व्हायला तीन महिने उरले असतील. वैशाखातला रविवार होता. पुजारी लग्नासाठी जवळच्या हातोद गावी गेला होता, संध्याकाळच्या आरतीला परत येणार होता. देवळाची एक किल्ली त्याच्याबरोबर गेली आणि दुसरी शनिवारीच त्याने मला दिली. काकूंची वात माझ्या शर्टाच्या खिशात होती. अडीच वाजता मी विजय नगरातल्या फ्लॅटमधून खाली उतरलो. गाडीचं हँडल इतकं तापलं होतं की हात मागे घेतला. तिथेच ठरलं. मनाशी म्हटलं, आज देवळात कुणी नाही, अंथरुणावरच्या काकूंचाही दुपारी डोळा लागत असेल, कुणाला कळणार? मी वर गेलो आणि शर्ट काढून खुंटीला टांगला.

सोमवारी सकाळी फॅक्टरीत जाताना किल्ली द्यायला गेलो. पायरीपाशी हार विकणारी अम्मा बसली होती.

"भियाजी, कल तो आपने सुना ही नी," ती म्हणाली. "मैंने जाली में से दो बार आवाज दी, हार ले लो करके. आप तो डोलते रहे."

मला वाटलं, हिचा वार चुकतोय. "किसको देखा, अम्मा?"

"पीठ देखी. सफेद कुर्ते में."

"किसकी पीठ?"

"लो. संडे को और कौन आता है? आपकी ही होगी."

मी पांढरा कुर्ता घालत नाही. माझ्याकडे तो नाहीच. आत गेलो. आमच्या पाळीच्या निरांजनात वात जळून काळी पडली होती. पुजाऱ्याने दिवा घासायला घेतला होता. काल संध्याकाळी आला तेव्हाही ती तशीच होती, आणि कुलूप लावलेलं होतं, असं तो सहज बोलून गेला. मी किल्ली त्याच्या हातात दिली.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून काकूंनी हाक मारली. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावरच होत्या. पलंग मुद्दाम खिडकीशी लावून घेतला होता, दुपारचं नाम ऐकू यावं म्हणून. मी त्यांच्या पलंगाशी गेलो.

"काल काय झालं होतं रे तुला, बेटा?" त्यांनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "इतकी वर्षं तुझं ऐकते. अगदी पाढे म्हटल्यासारखं म्हणतोस. पण काल... काल मला रडू आलं. आता मी सुखाने जाईन."

बोलायची वेळ तीच होती. तोंड दिसू नये म्हणून मी खाली वाकून त्यांच्या पाया पडलो. तसाच घरी परत येऊन खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपला. वात होती. पांढरी, कोरी, काकूंच्या बोटांचा पीळ तसाच.

त्यानंतरच्या रविवारी नाम म्हणायला लागलो आणि लक्षात आलं की मी एकटा नाही. आवाज असा नव्हता. पण श्वास घ्यायला थांबलो की नाम थांबत नसे. ते माझ्यापुढे अर्धी मात्रा चालू राही आणि मी मागून जाऊन त्याला गाठायचो. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. भर दुपारी, रस्त्यावरून रिक्षा जात असताना, माझ्या मानेवर काटा उभा राही. इतक्या वर्षांत जे मन एका जागी उभं राहिलं नव्हतं, ते आता हलायला घाबरत होतं. तो कोण असेल याचा विचार करताना मनात कोण कोण येऊन गेलं, ते लिहीत नाही.

भीतीपेक्षा काकूंचा आनंद मला जास्त छळत होता. सांगावं, तर त्यांची बारा वर्षं मोडणार. न सांगावं, तर त्या माझ्या खोट्यावर विसावून जाणार. शेवटचा आठवडा आला. समाप्तीला वीणा कुणी घ्यायची, हे काकूंनी ठरवलं होतं. "त्या रविवारसारखं म्हण," त्या मला म्हणाल्या, "बस्स, तेवढंच."

मी खिशातून ती त्या रविवारची वात काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बोटांत फिरवली. स्वतःचा पीळ त्यांनी ओळखला असणार. मग मी सगळं सांगितलं. कुर्ता, कुलूप, अम्मा, आणि मॅचसुद्धा.

त्यांनी मान वळवून देवळाकडे बघितलं.

"मग त्या दिवशी म्हणत कोण होतं?"

"मला माहीत नाही, काकू. माझं चुकलं. मला माफ करा."

"माझी कसली माफी मागतोस? मी तर आयतं ऐकलं." त्यांनी वात माझ्या मुठीत परत दाबली. "तुझ्या जागी ज्याला उभं केलंस ना, त्याला विचार, पाय दुखले का म्हणून. समाप्ती मंगळवारवाला करेल. तू दुसऱ्या दिवशी ये. तुझा एक दिवस राहिलाय."

समाप्ती झाली, प्रसाद वाटला गेला, लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तीन वाजता मी देऊळ उघडलं. समोरची खिडकी उघडी होती. नियम असा आहे की वीणा घेण्याआधी आधीच्या माणसाच्या उभं राहायच्या जागेला नमस्कार करायचा. आजवर मी तो उरकत आलो होतो. आज गुडघे टेकले. मला वाटायचं की संकल्प आपण पुरा करतो. इतकी वर्षं आपण फक्त धरलेले असतो, आपला हात सुटला तरी आपल्याला धरणारा दुसरा हात सुटत नाही, हे मला त्या फरशीवर कळलं. आतली फरशी सगळी गार होती. जिथे वीणेकरी उभा राहतो तेवढी जागा ऊबदार होती, नुकतंच कुणी पाऊल उचलावं तशी.

मी वात पेटवली, आणि त्या जागेवर डोकं ठेवून म्हणालो, "तुम्हाला फार वेळ उभं केलं. माझं चुकलं. आता बसा, मी धरतो."