इंजिनातल्या अक्षता

बोरसी मागे पडली होती आणि मरोदा अजून दीड कोस होता. वच्छलेला सायकलच्या कॅरिअरवर बसायची लाज वाटे, म्हणून तिचा धाकटा भाऊ नरहरी सायकल हातात धरून तिच्यासोबत पायीच चालत होता. टिकाराम ट्रकवाल्याला प्रवासाचा नारळ देऊन दोघं परतत होते. उद्या सकाळी त्याच्या ट्रकवर नरहरीचं इंजिन मद्रासकडच्या शर्यतीला निघणार होतं.

"बाई, आज मूग गिळून चालून राहिली तू. काय झालं?"

वच्छलेनं चालण्याचा वेग वाढवला. नवरा गेल्यापासून ती नरहरीच्याच क्वार्टरमध्ये राहत होती, आणि त्याच्यापासून लपवावं असं तिच्याकडे आजवर काही नव्हतं.

नरहरी पोलाद कारखान्यात टर्नर होता. बावीस वर्षांत लेथवर त्यानं यंत्रांचे किती शाफ्ट कातले असतील, पण कशावरही त्याचं नाव नव्हतं. मग सत्त्याऐंशी साली अहिवारा गावच्या, गाड्यांच्या शौकीन भैय्याजींनी शर्यतीच्या गाडीसाठी त्याला इंजिन करायला सांगितलं. जुनंच, चार सिलिंडरचं, चाळीस घोड्यांच्या ताकदीचं. नरहरीनं त्याला टर्बो लावला, म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरून आत हवा कोंबणारा पंखा. पिस्टन मजबूत घातले. घरातल्या फुटक्या बंबाचं तांबं ठोकून हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट कापलं. क्वार्टरमागच्या शेडमध्ये दीड वर्ष खपला आणि एकशेवीस घोडे निघतील म्हणाला. मरोद्यात लोक 'नरहरीचं इंजिन' म्हणू लागले, तेव्हा तो लाजून मान खाली घाली.

त्याची एक सवय होती. काम थांबलं की इंजिनाच्या प्रत्येक भोकात चिंधी कोंबायची, आणि किती कोंबल्या ते मोजायचं.

"विश्वकर्मा पूजेच्या दिशी तू प्लांटात होता," वच्छला शेवटी म्हणाली. "घरी मी इंजिनाची पूजा केली. तुह्या तेलकट चिंध्या देवाच्या कामात बऱ्या दिसत नव्हत्या. काढल्या, मंग पुन्हा लावल्या."

नरहरी थांबला. "मधात काय वाहिलं?"

"हळदकुंकू. अक्षता."

"चार दिवस झाले, बाई. मी वरून सारं बसवलं. अन् आता सांगून राहिली?"

"काल तू म्हणला ना, आत कचरा गेला तर व्हॉल्व्ह बसत नाही, इंजिन फुटते. तवापासून घास उतरला नाही माह्या घशाखाली."

नरहरीनं कपाळावरचा घाम पुसला. "किती होत्या अंदाजे?"

"अंदाजे कशा वाहतात? अखंड दाणे निवडून, मोजून एकवीस."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग सायकल तिरपी केली. "बस मागं."

वच्छला बसली. जन्मात पहिल्यांदा. वाटभर डोळे मिटून तिनं रामनाम घेतलं.

पूजेनंतर इंजिनावरून गोळा केलेलं निर्माल्य अजून तलावात सोडलं नव्हतं. तिनं पुरचुंडी सोडून ताटात अक्षता वेचल्या, दोनदा मोजल्या. अठरा.

"म्हणजे आत तीन," नरहरीनं पाना उचलला.

हवेच्या पाइपात दोन निघाल्या. तिसरी नव्हती. दुसरा कोणी म्हणाला असता, एका दाण्यानं काय होते. नरहरीनं हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्या दिवशी उघडा राहिला होता. त्याच्याच पिस्टनवर, तेलात चिकटून, पिवळी अक्षता होती. बोटावर घेऊन त्यानं ती वच्छलेच्या तळहातावर ठेवली.

"एकवीस," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

दिवेलागण झाली होती. देवापुढे निरांजन लावून वच्छला शेडच्या दाराशी आली. नरहरीनं तांब्याचं गॅस्केट लाल तापवून नरम केलं, पुन्हा बसवायला घेतलं.

"तुह्या इंजिनाला आता हात लावत नाही रे मी. या शेडमंधी पाय नाही ठेवत."

"कावून?" त्यानं स्टूल सरकवलं आणि काढलेल्या सगळ्या नटांचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं. "टिकाराम सकाळी सहाले येते. मी एकेक नट कसतो. बाई, तू मोज. ताटात एक जरी उरला ना, तर मले इथून उठू देऊ नको."