वरच्या पट्टीतला बेडूक

दुपारचं जेवण झालं की मी आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसतो आणि दोन पानांत पुस्तक छातीवर येतं. आज पुस्तक नाही, बेडकांच्या मोजणीची जुनी वही आहे. चार वाजता रेणुका भोगले ही वही न्यायला येणार आहे. तोवर मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि गेले आठ दिवस मला ती ठरवता आलेली नाही. कानातलं यंत्र काढून ठेवलंय, त्यामुळे पंखा नुसता फिरताना दिसतो. मग तोही दिसेनासा होतो.

"अहो रेगे, माणसं उभी आहेत काउंटरवर!"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. इथे मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. काउंटरपलीकडे चांदोरकर बाई उभ्या आहेत, डोक्याला रुमाल, पायात गमबूट. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, पण ते तोंडावर बोलणं बरं दिसणार नाही म्हणून मी गप्प राहतो.

"बाई, तुमच्याकडे एक पुस्तक राहिलंय," मी म्हणतो. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाला म्हणायला मला एवढंच सुचतं.

"वाचून व्हायचंय अजून. चला, उशीर होतोय."

मी काउंटरची फळी उचलून बाहेर येतो. संदर्भग्रंथांच्या कपाटांमधून आम्ही चालतो. पायाखाली फरशी होती, आता काळा ओला कातळ आहे, त्याच्या खळग्यांत पाणी आणि पाण्यात गवत. कपाटं मागे राहतात. हा वाघजाईचा सडा, डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. धुकं इतकं, की बाईंचा रुमाल तेवढा दिसतो.

याच सड्यावर बाईंनी मला बेडूक मोजायला शिकवलं. दिसतात ते नव्हे, ऐकू येतात ते. ठरलेल्या जागी संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहायचं. दोघांनी पाठीला पाठ लावून ऐकायचं, एकमेकांना काही विचारायचं नाही, आपापल्या कागदावर लिहायचं. मग एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. मला सुटलेलं त्यांना मिळालेलं असे, क्वचित उलटंही. त्या फरकावरून किती बेडूक दोघांनाही सुटले असतील याचा हिशेब बाई मांडत. तेव्हा आमच्या भागात असं कोणी करत नव्हतं. मी बोलायला घाबरणारा माणूस. गप्प राहणं हेच जिथे काम आहे, अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

"चहा सांगा," बाई म्हणतात.

आम्ही कँटीनच्या बाकावर बसलो आहोत. बाक सड्यावरच आहे. चहा येतो, कोण आणतं ते दिसत नाही.

"काय चाललंय सड्यावर? खाण बंद झाली म्हणे."

"झाली. कोल्हापूरची एक मुलगी आलीय, रेणुका. झाडांना डब्या बांधल्यात तिने. चार महिने डब्या रात्रंदिवस ऐकतात आणि कुठला आवाज कुणाचा ते संगणक वेगळं काढतो."

"चार महिने?" बाईंचा कप हवेतच थांबतो. "न जेवता, न शिंकता? आणि आपण दहा मिनिटांत तीन वेळा डास मारायचो! डब्यांचे कान तपासलेत का पण तिने?"

"म्हणजे?"

"किती लांबचं ऐकू येतं, ओल्या झाल्या की किती येतं, ते नको बघायला? विचारा तिला." मग माझ्याकडे निरखून बघतात. "रेगे, तुमचं तोंड असं का झालंय? अख्ख्या ग्रंथालयाला वाळवी लागल्यासारखं?"

मी चहात बघतो. आठ दिवस जे रेणुकाला सांगता आलं नाही, ते आता ज्यांच्यापासून लपवलं त्यांनाच सांगायचं आहे.

"तुमचा गुडघा गेला, त्यानंतरची दोन वर्षं," मी म्हणतो, "मी एकटाच येत होतो."

"हो. आणि नखाएवढ्या झुडपी बेडकाच्या नावासमोर दोन्ही वर्षं शून्य. सगळ्या भेटींना. माझा शेवटचा लेख त्यावरच आहे. सड्यावरून तो गेला म्हणून लिहिलं मी. लिहून झाल्यावर दोन दिवस जेवले नव्हते."

"बाई, रेणुकाच्या डब्यांत तो आहे. जागोजागी आहे. ती लिहिणार आहे की तो गेला होता आणि खाण बंद झाल्यावर परत आला."

"मग?"

"तो गेलाच नव्हता. मला ऐकू येत नव्हतं."

मला थांबता येत नाही. "त्याचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला. घरी घड्याळाचा गजर मला ऐकू येईनासा झाला होता. बायको हसायची. मला कळलं होतं, बाई. पण तुम्हाला सांगितलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवाल असं वाटलं. सगळ्या आठवड्यात मला तेवढी एकच संध्याकाळ होती. मी तिथे दहा दहा मिनिटं अगदी प्रामाणिकपणे उभा राहायचो आणि शून्य लिहायचो."

बाई कप खाली ठेवतात. मी खांदे आक्रसून घेतो.

"म्हणजे तो होता?"

"होता."

"सगळा वेळ होता?"

"बहुतेक."

"अरे मेल्या!" बाई बाकावर थाप मारतात. मला म्हणाल्या की बेडकाला, कळत नाही. त्या हसताहेत आणि डोळे पुसताहेत. "आणि मी वेडी, दोन दिवस उपाशी!"

"पण तुमचा लेख खोटा पडेल, बाई."

"पडू दे की! लेखाला काय, पाय आहेत? बेडकाला आहेत." मग विभागप्रमुखांचा आवाज येतो. "ऐका, रेगे. दोन माणसांनी ऐकायचं हा नियम माझा. तो मोडून एकट्याला पाठवणारीही मीच. तुमच्या पेन्सिलीला टोक आहे का ते दर वेळी बघितलं आणि कान एकदाही तपासले नाहीत. चूक पद्धतीतली आहे. तिच्यावर तुमचं एकट्याचं नाव घालू नका, माझंही घाला. आणि ती पोरगी जे लिहिणार आहे ते छापून आलं तर खाण बंद केली की बेडूक आपोआप परततात असं चार लोक धरून चालतील. मग पुढच्या सड्यावर खोदताना त्यांना काय वाटणार आहे?"

"मला बोलता येत नाही हो. ती समोर आली की..."

"माहितेय. एकतीस वर्षं माहितेय." त्या गमबूट आपटत उठतात. "अहो, मी दुसऱ्या कुणाला पाठवलं नसतं. तुमच्या शेजारी दुसरं कुणी उभं केलं असतं, इतकंच. उठा. पाठ करा इकडे."

आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहतो. धुकं कानाला लागतं. मागे बाईंचा श्वास. मग कुठूनतरी, अगदी वरून, कुणी काचेवर नखाने टिचकी मारावी तसं. एक. मग दुसरं, करवंदीच्या जाळीतून. मग सगळा सडा.

"किती?" मी विचारतो. हे विचारायचं नसतं.

"लिहा आधी."

"कागद भिजलाय, बाई."

"मग हात कशाला आहे?" पावसात आम्ही असंच करत असू. त्या समोर येतात, माझी बाही कोपरापर्यंत सारतात, मनगट धरतात. बॉलपेनचं टोक कातडीला टोचतं.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलताय," त्या म्हणतात आणि लिहीत राहतात.

पंखा दिसतो. चाराला पाच कमी आहेत. वही खाली पडली आहे आणि पेन माझ्या मांडीखाली सापडतं. डाव्या हाताची बाही वर गेलेली आहे. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या शाईत दोन ओळी: "ऐकणारा रेगे. वरच्या पट्टीतलं ऐकू येत नव्हतं."

झोपेत मीच लिहिलं असणार. मी माझ्याबद्दल असं काहीही धरून चालतो. फक्त अक्षरं मला उलटी दिसताहेत, मान वाकडी करून वाचावी लागतात.

खिडकीतून फाटकाशी रेणुकाची स्कूटर थांबलेली दिसते. मी बाही खाली करत नाही. समोरून येणाऱ्याला त्या ओळी सरळ वाचता येतील.