विस्थापित म्हणवून घेणारे आबा

तलावाच्या पाण्यात आमचं गाव गेलं, तेव्हा सगळे म्हणायचे, "गाव उठलं." म्हणताना बायका पदर डोळ्याला लावायच्या. एकटे माझे वडील, आबा, छाती पुढं काढून सांगायचे, "आमी विस्थापित." धाराशिवच्या कचेरीतून आलेल्या कागदावर तो शब्द होता. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तो ऐकवल्याशिवाय आबांना चैन पडत नसे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शब्दाचा अर्थ त्यांनी तलाठ्याला दोनदा विचारून घेतला होता: जागेवरून हलवलेला. आता आमची जागा कोणती होती? ओढ्यापल्याड, गावाच्या उताराला, बौद्धांची वस्ती. दुष्काळात याच तलावाच्या भिंतीवर आई-आबांनी माती वाहिली होती. आपणच आपलं गाव बुडवलं म्हणून लोक हळहळत. आबा काही हळहळले नाहीत.

नव्या गावठाणात प्लॉटांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आबांना प्लॉट लागला भर मध्यात, मोठ्या रस्त्याला. मग चिठ्ठ्यांची अदलाबदल सुरू झाली. चार-आठ दिवसांत, अगदी बिनबोभाट, लोकांनी जुनं गाव जसंच्या तसं परत मांडलं. वरचे वर, खालचे खाली. राहिले फक्त आबा.

आबा ज्यांच्याकडं वर्षानुवर्षं सालगडी होते, ते मालक स्वतः आले.

"चिठ्ठी बदल की. तुझी समदी माणसं खालच्या अंगाला हायत. एकटा काय करशील हितं?"

आबा हात जोडूनच बोलले, "मालक, कागदावर तुमी बी विस्थापित, म्या बी विस्थापित. पैल्यांदाच तुमाला-मला एक नाव मिळालंय. ते मला न्हाय सोडायचं."

मालक आल्या पावली माघारी गेले.

आई मात्र भडकली. तिच्या दोन्ही बहिणी खाली राहणार होत्या. "पोरींच्या बाळंतपणाला तुमचा शब्द येणार हाय व्हय? रात्री-बेरात्री हाक कुणाला मारू?" तिचं काही खोटं नव्हतं. तिनं अबोला धरला आणि चूलही सोडली. तीन दिवस आबांनी थापलेल्या जाडजूड, करपलेल्या भाकरी आम्ही बहिणी मुकाट्यानं गिळत होतो. वाईट वाटत होतं ते दोघांचंही.

चौथ्या दिवशी आबा चुन्याची फक्की घेऊन घराचा पाया आखायला गेले. आई मागोमाग आली. आबांनी दार मागच्या बोळाकडं धरलं होतं. तिकडून आईला बहिणींकडं जायला जवळ पडलं असतं. तिनं रेघेकडं बघितलं आणि पायानं पुसून टाकली.

"दार मोठ्या रस्त्याला ठिवा," ती म्हणाली. "तोंड लपवूनच ऱ्हायचं असतं, तर खालीच गेलो असतो की."

आबांनी फक्कीचं घमेलं तिच्या हातात दिलं.