आशागडची चढण आणि आमची पाठमोरी गाडी

आमची गाडी कुठल्या कंपनीची होती ते मी सांगू शकत नाही. पुढच्या जाळीवर पितळी अक्षरं होती, पण त्यातली बरीचशी आमच्याकडे येण्याआधीच गळून पडली होती आणि उरलेल्यांतून कसलाच शब्द तयार होत नव्हता. डहाणूत सगळे तिला बावाजीची गाडी म्हणत. याचा माझ्या बाबांना भयंकर राग येई, कारण ज्या पारशी बावाजींची ती होती, त्यांनी ती विकून जमाना झाला होता.

बाबांची समुद्राकडे चिकूची वाडी होती. जगात त्यांना दोनच विषयांवर बोलायला आवडे, चिकूवरची कीड आणि ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास. कीड निदान ऐकणाऱ्याच्या कामाची असे. इतिहास मात्र त्यांनी आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवला, त्यात पोस्टमन आणि आईला तपासायला आलेले डॉक्टरही सुटले नाहीत.

तो इतिहास असा. विलायतेत एक गृहस्थ बाबागाड्या बनवायचा. त्याच्या स्वतःच्याच घरात पोरांचा सुळसुळाट होता, तेव्हा हा धंदा का सुचला हे विचारायला नको. एके दिवशी त्याने बाबागाडी मोठी केली, तिला इंजिन बसवलं आणि मोटारींचा कारखानदार झाला. मागच्या सीटला स्प्रिंगा मात्र बाबागाडीच्याच ठेवल्या, म्हणून मागे बसणाऱ्याला लगेच झोप येते, असं बाबा सांगत. माणूस अतिशय कंजूष. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढायला दुसरे लोक पंप बसवत होते. याने टाकी पुढच्या सीटखाली ठेवली, इंजिन तिच्याहून जरा खाली ठेवलं, आणि वरची वस्तू फुकटात खाली येत असताना पंपाचा खर्च कशाला, असं म्हणाला. त्याच्या गावात चढण नव्हती. टाकी भरलेली नसली तर चढणीवर गाडीचं नाक वर जाईल, इंजिन टाकीच्या वर जाईल आणि पेट्रोल जागच्या जागी बसून राहील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पुढे त्याच्याकडून कारखाना एका दारू गाळणाऱ्याने घेतला. त्याला इंजिनात रस नव्हता. त्याने दिवे मोठे केले, भोंगा मोठा केला आणि एक दिवस मोठा भोंगा वाजवत तळ्यात गेला. मग कारखाना त्याच्या बायकोकडे आला. तिन्ही मालकांत ही एकटीच शहाणी होती असं बाबांचं ठाम मत होतं, कारण तिने पहिल्याच आठवड्यात पंप बसवायला सांगितलं. पण तोवर कंपनीचं दिवाळं निघालं होतं, आणि आता त्या शेडमध्ये लोखंडी खाटा बनतात. हे सगळं बाबांना बावाजींनी सांगितलेलं, बावाजींना गाडी विकणाऱ्या मुंबईच्या एजंटाने. त्यात खरं किती, ते त्या एजंटालाच ठाऊक.

आमची गाडी पहिल्या, कंजूष मालकाच्या काळातली. बावाजी तिच्यातून रोज संध्याकाळी समुद्रावर हवा खायला जात. त्यांच्यानंतर ती आशागडच्या एका ताडीच्या दुकानदाराने घेतली. दारूबंदी आली, दुकान बंद पडलं आणि गाडीत त्याच्या कोंबड्या राहू लागल्या. बाबांनी ती तिथून सोडवून आणली. आईने ती आठवडाभर धुतली, तरी पावसाळ्यात मागच्या सीटला खुराड्याचा वास यायचा तो यायचाच.

बाबा देवाला मानत नसत. देवाशी भांडण नव्हतं, ओळखच नव्हती, असं ते म्हणत. पण चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला आईला न्यावं लागे. आई आत दर्शन घेई आणि बाबा बाहेर टोपल्या, सुपं आणि विळ्यांचे भाव करीत बसत. जाताना टाकी भरलेली असे, गाडी सरळ जाई. येताना टाकीत तळाशी थोडं पेट्रोल उरलेलं असे, आणि आशागडच्या आधीच्या चढणीवर गाडी आचके देऊन थांबे. मग बाबा खाली सपाटीवर गाडी वळवून घेत आणि रिव्हर्समध्ये, मागे मागे, ती चढण चढत. तसं केलं की टाकी वर आणि इंजिन खाली. कंजूष मालकाचं गणित बरोबर यायचं.

आता हे जत्रेहून परतणाऱ्यांच्या नजरेने बघा. गर्दीतून एक मोटार येते, चढणीपाशी थांबते, तोंड देवीकडे करते आणि मागे मागे जाते. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या बाईने बैलगाडीतून उतरून हात जोडले. देवळातून निघताना आपण देवीला पाठ दाखवत नाही, हा माणूस तर गाडीतूनसुद्धा दाखवत नाही. दुसऱ्या वर्षी चढणीवर लोक वाट पाहत उभे होते. तिसऱ्या वर्षी कुणीतरी बॉनेटवर नारळ फोडला.

"अहो, पेट्रोल चढत नाही म्हणून हे," बाबा ओरडून सांगत. लोकांना वाटे, किती ही नम्रता.

सरावलीपासून डहाणू रोडच्या बाजारापर्यंत बाबांची भाविक म्हणून ख्याती झाली. देवळांच्या वर्गण्या मागायला माणसं आधी आमच्याकडे येऊ लागली. बाबा धुसफुसत. आई गालात हसे.

ही ख्याती माझ्या लग्नात गुंतेल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि तलासरीच्या पलीकडे गुजरात सुरू झालं, त्याच्या आसपासची ही गोष्ट. सरावलीला मामेबहिणीच्या लग्नात तलासरीचा एक शाळामास्तर पंगतीत वाढत होता. चांगल्या कुरकुरीत जिलब्या तो आपल्या मित्रांच्या पानात टाकतोय, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो रागावला नाही. उरलेल्या चांगल्या जिलब्या त्याने माझ्या पानात टाकल्या आणि मी काय वाचते ते विचारलं. मला आजवर बघायला आलेल्यांनी मला काय रांधता येतं एवढंच विचारलं होतं. मला तो हवा होता. स्पष्टच सांगते, दुसरा कुणी चालला नसता.

त्याच्या वडिलांचं तलासरीला किराणा दुकान होतं. त्यांची अट एकच, सून भाविक घरातली हवी. गाडीची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती, म्हणून तर त्यांनी होकाराच्या दिशेने पाऊल टाकलं. त्यांनी निरोप पाठवला की ते जत्रेला येतील, परतताना आमच्या गाडीत बसून डहाणूला येतील, घर बघतील आणि तिथेच काय ते ठरवतील. चढणीवरचा तो प्रकार त्यांना डोळ्यांनी बघायचा होता.

आईने बाबांना महिनाभर पढवलं. कंपनीचा इतिहास सांगायचाच असेल तर बाबागाड्यांपाशी थांबायचं, टाकीपर्यंत जायचं नाही. तुम्ही टाकीकडे वळलात की मी खोकेन, असंही तिने ठरवून दिलं.

जत्रेत मास्तरांचे वडील भेटले तेव्हा त्यांच्या हातात एक डबा होता. गाडीवाल्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं, आणि पेढे तर सगळेच आणतात, म्हणून त्यांनी हायवेवरच्या पंपावरून पेट्रोल आणलं होतं. टाकी भरली की गाडी चढणीवर सरळच जाणार, हे मला लगेच कळलं. आमच्या गाडीची टाकी पुढच्या सीटखाली, म्हणजे पेट्रोल ओतायचं तर पुढे बसणाऱ्याला उठवावं लागे. ते उठले, सीटची गादी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले आणि टाकीत वाकून बघत त्यांनी विचारलं, ही इथे कशी? आई खोकली. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. असा श्रोता त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

गाडी सुरू झाली. मी आणि आई मागे. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण बाबांचा एक हात स्टीअरिंग सोडून आधी सीटखाली, मग पुढे बॉनेटकडे जात होता, तेव्हा काय चाललंय ते कळायला शब्दांची गरज नव्हती. आई इतकी खोकली की शेवटी पाहुण्यांनी मागे वळून तिला खिशातली खडीसाखर दिली.

चढणीच्या पायथ्याशी बाबांनी गाडी थांबवली. वर दोन्ही बाजूंना माणसं हात जोडून उभी होती. आईने पुढे वाकून बाबांच्या कानाशी सांगितलं, टाकी भरलेली असली तरी आज पाठमोरीच घ्या, पोरीसाठी.

बाबा म्हणाले, "मी देवीला कधी फसवलं नाही. आता म्हातारपणी कुठे सुरुवात करू?"

आणि त्यांनी गाडी सरळ वर घातली. भरल्या टाकीची गाडी कुरकुर न करता चढली. जोडलेले हात हळूहळू खाली आले. मी पदरात तोंड घालून रडत होते आणि बाबांचा इतका संताप आला होता की गाडीतून उडी मारावी असं वाटत होतं. एवढी वर्षं देवाशी ओळख नसलेल्या माणसाला आजच देवीशी प्रामाणिक राहायचं होतं.

माथ्यावर पोचल्यावर पाहुण्यांनी डोळे उघडले. चढणभर त्यांनी ते घट्ट मिटले होते. त्यांनी महालक्ष्मीच्या दिशेला वळून हात जोडले.

"देवी पावली," ते म्हणाले. मग रुमालाने कपाळ पुसत त्यांनी बाबांना सांगितलं, "मागे मागे जाणाऱ्या गाडीत मला लगेच मळमळतं हो. बैलगाडीतसुद्धा. सकाळपासून तिला साकडं घातलं होतं की मला यातून वाचव. तुम्ही टाकीचं सांगितलंत तेव्हा जरा धीर आला, पण माथा येईपर्यंत भरवसा नव्हता."

बाबा हसले नाहीत. त्यांनी अतिशय गंभीरपणे त्यांना सांगितलं की असाच त्रास कंपनीच्या दुसऱ्या मालकाला होता. हा भाग मी पहिल्यांदाच ऐकत होते. लग्न आशागड मागे पडायच्या आतच ठरलं, घर बघायचंही राहून गेलं. होणाऱ्या सासऱ्यांना तिसरी मालकीण फार आवडली होती.

बाजारात दुसऱ्या दिवशी वेगळीच बातमी होती. गाडी या वर्षी पाठमोरी गेली नाही, कारण देवी स्वतःच मागच्या सीटवर बसली होती, मग पाठ कुणाला दाखवायची? हिरवं लुगडं होतं म्हणे तिचं. ते माझं होतं. बाबांनी हे ऐकून कपाळावर हात मारला, पण कुणाला काही समजावून सांगायला गेले नाहीत.

वैशाखात लग्न झालं. सासरी पोचवायला बाबांचीच गाडी, आणि चालवायला बाबाच, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताने ती सुरू होत नसे. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हे त्यांना मंजूर नव्हतं. तलासरीला ते अंगणात बसून दोन कप चहा प्यायले आणि माझ्या सासरच्या मंडळींना बाबागाड्यांपासून लोखंडी खाटांपर्यंत सगळं सांगितलं. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सासऱ्यांनी आग्रहाने गाडीची टाकी काठोकाठ भरून दिली.

मग बाबा उठले आणि गाडीत बसले. मी ओट्यावर उभी होते. अंगणात बैलगाडी सहज वळेल एवढी जागा होती. बाबांनी गाडी वळवली नाही. रिव्हर्स टाकला आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, माझ्याकडे बघत, मागे मागे सडकेपर्यंत गेले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी मान दुसरीकडे फिरवली. तलासरीची ती वाट अगदी सपाट आहे.