महांतप्पाच्या रोगाचं नाव

नळदुर्गाजवळच्या करोडगिरी नाक्यावर महांतप्पा कारकून होता. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्ग निजामाचं. मधून येणारा माल अडवायचा, गाठोडी सोडायला लावायची, जकात घ्यायची, हे त्याचं काम. घराणं लिंगायत व्यापाऱ्याचं. आजा, बाप, चुलते जन्मभर नाक्यांवर गाठोडी सोडत आले. सोडायला लावणारा घरात हा पहिला. नाक्यावरच्या लाकडी खुर्चीत तो सोळा वर्षं बसला होता. खुर्चीला त्याचा आकार आला होता.

लढाईचे दिवस होते. होळी झाली आणि महांतप्पाच्या डाव्या गालावर पुरळ उठलं. त्याला वाटलं, घामोळं असेल. चार दिवसांत ते नाकाला वळसा घालून उजव्या गालावर गेलं आणि वर कपाळाला टेकलं. तांबडं, वर पाण्याचे बारीक फोड. खाजवलं की बरं वाटे. बरं वाटलं की वाढे.

नाक्यावरचा हमाल बलभीम रोज सकाळी त्याचं तोंड निरखून बातमी सांगायचा.

"निजामाची हद्द वाढली बगा. हनुवटी तेवढी अजून इंग्रजांकडं हाय."

पहिले काही दिवस महांतप्पाही हसला. मग मुसाफिर पैसे त्याच्या हातात देईनासे झाले. टेबलावर ठेवायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. एका बाईनं गाडीतल्या पोराचं तोंड पदरानं झाकलं. रांगेत कुणीतरी महारोगाचं नाव काढलं. त्या दिवशी अमीनसाहेबांनी त्याला आत बोलावलं.

नाक्याचे मुख्य अधिकारी, अमीनसाहेब, हैदराबादचे. माणूस सभ्य. जीव मात्र कागदात.

"महांतप्पा, हे काय आहे?"

"पुरळ हाय, साहेब."

"पुरळ हे मर्जाचं नाव नाही. लोक भलतंच नाव घेतात. मी वर कळवलं आहे. खुर्दादअखेर दाखला आणा. मर्ज कोणता, ते लिहिलेलं पाहिजे. नाही आणला तर घरी बसा."

"किती दिवस, साहेब?"

"घरी बसण्याला दिवस नसतात."

खुर्दाद म्हणजे निजामी सालातला ऐन उन्हाळ्याचा महिना. हातात पाच आठवडे होते. महांतप्पा बाहेर आला आणि खुर्चीवर हात ठेवून जरा वेळ नुसता उभा राहिला.

आधी तो अणदूरला मार्तंड वैद्यांकडं गेला. वैद्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि पहिलाच प्रश्न केला.

"बिब्बा उतलाय का? त्याचं तेल लागलं की असंच पुरळ उठतं. हात लावला होता बिब्ब्याला?"

"जल्मात न्हाय. आमच्या आईला लई उतायचा. घरात बिब्बा येतच न्हाय."

वैद्यांनी नाइलाजानं मान हलवली. चिठ्ठीवर 'रक्तदोष' लिहिलं आणि वांगं बंद केलं.

नळदुर्गाच्या हकीमसाहेबांनी कागदावर 'सफरा' लिहिलं, म्हणजे पित्त, आणि मटण बंद केलं. महांतप्पानं जन्मात मटण खाल्लं नव्हतं. हे पथ्य त्याला फार सोपं गेलं. तिसऱ्या एका डॉक्टरनं 'एक्झिमा' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि पांढरं मलम दिलं. ते लावून महांतप्पा नाक्यावर आला तेव्हा बलभीम म्हणाला, "आता हद्द चुन्यानं आखली. भांडणच मिटलं."

तिन्ही कागद महांतप्पानं अमीनसाहेबांपुढं ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"तीन मर्ज?"

"न्हाय साहेब. मर्ज एकच. नावं तीन."

"तुम्ही एक आहात, तुमचं नाव एक आहे. मर्जाचंही एकच पाहिजे. आणि ह्या डॉक्टरनं सवालाची खूण केली आहे. दाखला त्यानं द्यायचा, तर तो मलाच विचारतो."

राहिलं सोलापूर. तिथं एक मोठा डॉक्टर होता. लोक म्हणत, तो तोंड बघून रोग सांगतो. महांतप्पाचं तर तोंडाचंच दुखणं. त्यानं रजा काढली, ठेवणीतला कोट घातला, उपरणं खुंटीला अडकवलं आणि मोटारीत बसला. कोटावर उपरणं बरं दिसत नाही.

डॉक्टर मुंबईला गेला होता. आठवड्यानं येणार होता. महांतप्पा चुलतभावाकडं राहिला. चौथ्या दिवशी खाज थांबली. सहाव्या दिवशी फोड सुकले. आठव्या दिवशी तो डॉक्टरपुढं बसला तेव्हा तोंड नवऱ्या मुलासारखं होतं.

"काय होतंय?" डॉक्टरनं विचारलं.

"होत होतं."

डॉक्टरनं भिंग लावून दोन्ही गाल पाहिले. "इथं काही नाही. जे नाही त्याचं नाव मी कसं लिहू? पुन्हा उठलं की या."

"दाखला तेवढा—"

"घरचं काहीतरी बाधत असेल. अन्न, पाणी, माणसं. बघा."

महांतप्पा परतला. तिसऱ्या दिवशी पुरळ पुन्हा उठलं. खुर्दाद संपायला पंधरा दिवस राहिले होते. रजा उरली नव्हती. डॉक्टरचं बोलणं त्यानं घरी सांगितलं, तेवढी मात्र चूक झाली.

"म्हंजे माजा स्वयंपाक बाधतो?" त्याची बायको इरम्मा म्हणाली.

"तसं न्हाय म्हणाला. माणसंबी म्हणाला."

"घरात माणूस म्हणून मी एकटी हाय."

त्यानंतर इरम्मानं घराची झडती घेतली. नाक्यावर महांतप्पानंही कधी अशी घेतली नव्हती. साबण बदलला. तेल बदललं. उशी उन्हात टाकली. विहीर बदलली. दोन दिवस तिनं त्याला शेजारी नीलम्माकडं जेवायला धाडलं. पुरळ वाढलं. इरम्माला तेवढंच समाधान.

"बगा, माज्या हातचं न्हाय."

"ते मला ठावं होतं."

"मग त्या डॉक्टरला का न्हाय सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी दगडोबा परीट धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. महांतप्पा कामावरून घामाघूम होऊन नुकताच आला होता. त्यानं गाठोड्यातून ताजं उपरणं ओढलं. त्याची एक शिस्त होती. उपरण्याचं एक टोक हाताला, एक चष्म्याला, एक तपकिरीच्या नाकाला आणि एक तोंडाला. टोकांची गल्लत त्याला खपत नसे. तोंडाचं टोक शोधायला त्यानं एक सोपी युक्ती काढली होती. त्या टोकावर काळ्या रेघा होत्या. त्यानं रेघा शोधल्या आणि त्या टोकानं गाल, नाक, कपाळ खसाखसा पुसलं.

दगडोबा बघतच राहिला.

"कारकूनसाब, त्या टोकानं तोंड पुसता तुमी?"

"मग कशानं पुसू?"

"ती खूण हाय आमची. कपडे वळखायची."

"माझीबी खूणच हाय ती."

"अवो, बिब्ब्याची हाय."

इरम्मानं उपरणं दोन बोटांत धरून उजेडाला नेलं.

"परटाच्या रेघा जुन्याच की," ती म्हणाली. "पुरळ तर होळीपासनं हाय."

दगडोबानं मान खाली घातली. "होळीला तुमचं एक धोतर चुकून दुसरीकडं गेलतं. सरकारी माणसाचं कापड, परत चुकाय नगं, म्हणून तवापासनं दर धुण्याला नवी रेघ वढतो. चांगला ताजा बिब्बा टोचून. बाकीच्यांना येकदाच."

"इज्जतीनं मारलंस की रं," महांतप्पा म्हणाला. मग त्याला हसू आलं. हसताना गाल चरचरला.

दगडोबानं त्याच दिवसापासून त्याच्या कपड्यांना लाल दोऱ्याचे टाके घातले. खुर्दादच्या शेवटच्या दिवशी महांतप्पा स्वच्छ तोंडानं अमीनसाहेबांपुढं उभा राहिला. मागं दगडोबा हात जोडून उभा. आपल्याला तुरुंगात टाकणार, अशी त्याची खात्री होती.

अमीनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मर्ज गेला?"

"गेला, साहेब."

"दाखला?"

"डॉक्टर म्हणतो, जे न्हाय त्याचं नाव लिहीत न्हाय."

अमीनसाहेबांनी वर पाठवायचा कागद पुढं ओढला. मर्जाचं नाव लिहायचा रकाना कोरा होता. तो कोरा ठेवून कागद वर जाणार नव्हता, आणि कागद गेल्याशिवाय महांतप्पा खुर्चीत बसणार नव्हता.

"बिब्बा लिहा, साहेब," तो हळूच म्हणाला.

"बिब्बा झाड आहे. झाड मर्ज नसतं."

मग त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि संथपणे लिहिलं: 'धोब्याची खूण'. खाली सही केली. शिक्का मारला.

"जा. बसा खुर्चीत."

दोन महिन्यांनी वरून पत्र आलं. 'धोब्याची खूण' हा मर्ज दप्तरात नवा होता. सदर खूण नाक्यावर आणखी किती जणांना आहे, ते ताबडतोब कळवावं, असा हुकूम होता.

अमीनसाहेबांनी महांतप्पाला आत बोलावलं आणि नाक्यावर कोणाकोणाचे कपडे दगडोबाकडं जातात ते विचारलं. महांतप्पानं बोटांवर मोजत नावं सांगितली. शेवटचं नाव सांगायला तो जरा कचरला. अमीनसाहेबांनी स्वतःच्या शेरवानीचं टोक उलटून पाहिलं.

उत्तर गेलं ते असं: 'सर्वांना आहे. काम सुरळीत चालू आहे.'