झऱ्याच्या वरची पोस्ट

सुभेदार म्हणून रिटायर होऊन मी राळेगावला परतलो, त्याआधीचं शेवटचं पोस्टिंग आफ्रिकेत होतं, शांतिसेनेत. आमची पोस्ट टेकडीवर. चौदा जवान, एक ट्रक, एक जनरेटर आणि डिझेलचे अकरा बॅरल. खाली पायथ्याशी झरा होता. दोन गावं तेच पाणी पीत. सकाळी सहाला बाया भांडी घेऊन येत आणि आम्ही वरून पहारा देत असू.

रविवारी दहा वाजता मी क्लास घ्यायचो. लढाईलाही कायदे असतात हे लोकांना खरं वाटत नाही. पिण्याचं पाणी नासवायचं नाही, रान पेटवायचं नाही, जमीन कायमची वाया जाईल असं काही करायचं नाही. खिशातल्या नियमांच्या कार्डावर हे छापलेलं होतं आणि मला तोंडपाठ होतं. जवान जांभया देत. खरं सांगायचं तर मीही कंटाळलेलाच असायचो.

लक्ष देऊन ऐकणारा एकच, नायक सलीम. नेरचा, माझ्याच जिल्ह्यातला. वडिलांचं गॅरेज, म्हणून ट्रक आणि जनरेटर त्याच्याकडे. आम्ही दोघं वऱ्हाडीत बोलायला लागलो की बाकीचे हसत.

एका दुपारी बंडखोर आमच्या बाजूला सरकले. १३:५० ला रेडिओवर हुकूम आला.

"पोस्ट खाली करो. चौदह दस तक निकलो. तेल उनके हाथ नहीं लगना चाहिए. ओव्हर."

"रॉजर. आउट."

तेल पेटवलं असतं तर धुरानं आम्ही निघाल्याचं कळलं असतं. मी म्हटलं, सांडून टाका. राळेगावची काळी माती ओतलेलं सगळं धरून ठेवते, तोच हिशोब मी तिथं लावला. जवानांनी बॅरल गडगडत उताराच्या कडेला नेले. १४:०२ ला सलीम जनरेटरची जोडणी काढून आला.

"साहेब, सांडायले काहून सांगून राह्यले? इथं मुरूम हाय. सारं झऱ्यात उतरन."

"टाइम नाही, सलीम."

"आमच्या गॅरेजमागची विहीर अशीच गेलती. आजपण तिचं पानी तोंडात घेता येत नाही. ट्रकात भरतो. वीस मिनिटं द्या."

कार्ड माझ्याच खिशात होतं. मला लाज वाटली. मी वीस मिनिटं दिली. पेट्या, बिस्तरे तिथंच सोडले आणि बॅरल कडेवरून परत आणून ट्रकात चढवू लागलो.

१४:२२ ला मॉर्टरचा पहिला गोळा पडला. शेवटचा बॅरल फळीवर होता आणि सलीम खालून रेटत होता. छर्रा त्याच्या मानेत लागला. दोघांनी बॅरल वर घेतला, दोघांनी सलीमला. कंपनीच्या तळावर पोचेपर्यंत तो गेला होता.

चौकशी झाली. उशीर कोणी होऊ दिला? मी लिहून दिलं, मी. निर्णय कायद्याला धरून होता असा शेरा आला. मी हुकूम पहिल्यांदाच बरोबर दिला असता तर बॅरल कडेला नेण्याआणण्यातली मिनिटं वाचली असती, हे कोणी लिहिलं नाही. ते ओझं घेऊन मी थकलो आहे.

नेरला गेलो. सलीमचे वडील गॅरेजच्या ओट्यावर होते. चहा घेता घेता मी झऱ्याचं सांगितलं. तो कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही.

"थ्या झऱ्याचं पानी लोकं पेतेत ना आता?"

"हो चाचा, पेतेत."

त्यांनी मान हलवली. मला काहीच माहीत नव्हतं. त्या टेकडीवर आमच्यातलं कुणी पुन्हा गेलंच नाही.